बाबांची ठिपक्या-रेघांची चित्रं: या शैलीला म्हणतात काय, आणि पावसाळ्यात ती जपायची कशी?

चिंचपोकळी_स्लो | शुक्रवार, रात्री ११:१४

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढते आहे. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझे बाबा यंदा पंचाहत्तर पूर्ण करतील. आईबाबा काळाचौकीला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. दुपारची जेवणं आणि आईची मालिका आटोपली की बाबा गॅलरीत दोन स्टुलांवर आमचा जुना कॅरमबोर्ड आडवा टाकतात, त्यावर कागद नाहीतर कॅनव्हास बोर्ड ठेवतात आणि उजेड असेपर्यंत ठिपके देत बसतात. ठिपके आणि रेघा, बास. लॉकडाऊनमध्ये माझ्या लेकीच्या अर्धवट वापरलेल्या ॲक्रिलिकच्या ट्यूबा त्यांच्याकडे राहून गेल्या होत्या, तिथून हे सुरू झालं. आज ४३ चित्रं आहेत आणि सगळी पलंगाखाली, गादी ज्यात आली त्या प्लास्टिकच्या पिशवीत.

चार फोटो टाकतेय. पहिलं पापलेट. हे बघाच. मासा ताटाएवढा, कागद काळा. अंगावर आडव्या बारीक रेघा, चंदेरी-राखाडी. रेघ सलग जात नाही; थोडी गेली की तिच्यावर एक ठिपका बसतो, मग पुढे, मग पुन्हा ठिपका. खालच्या रेघेवर तो ठिपका जरा सरकलेला. लांबून खवले चमकल्यासारखे वाटतात, जवळ गेलं की नुसते ठिपके. बाकी तिघांत आंबा, गिरणीची चिमणी आणि भाऊच्या धक्क्यावरची होडी.

हत्यारं विचाराल तर संपलेली रिफील, आईच्या विणकामाच्या दोन सुया, उदबत्तीची काडी, शिंप्याची टाचणी पेन्सिलीच्या खोडरबरात खोचून. रेघांना तेवढा विकतचा ब्रश, तीन शून्यांचा. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर रंग सुईच्या टोकावरच वाळतो. यावरून मे महिन्यात घरात काय चालतं ते सांगत नाही.

शिक्षण म्हणाल तर शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा. मग कापडगिरणी. १९८२च्या संपानंतर दादरला साडीच्या दुकानात गठ्ठे सोडणं-बांधणं, २४ वर्षं. त्या काळात त्यांनी घरात एक फूल काढलेलं मला आठवत नाही.

चित्रावर सही करत नाहीत. मागच्या बाजूला पेन्सिलीने फक्त तारीख, वर्षसुद्धा नाही. ८/३ तर अकरा चित्रांवर आहे, ५/२ नऊवर. महिला दिनाचं एवढं काय आहे देव जाणे. विचारलं की म्हणतात, "तुका काय करूचा?"

तर प्रश्न: पंच्याहत्तरीला ही चित्रं हॉलमध्ये लावायचा बेत आहे, तेव्हा या प्रकाराला नाव काय द्यायचं? आणि पावसाळा तोंडावर आलाय, ती जपू कशी? दोन चित्रांच्या मागे बुरशी दिसली आहे.

कैरीचं_पन्हं | शुक्रवार, रात्री ११:४०

अगं काय सुरेख!! बाबांना साष्टांग दंडवत सांग. दरवर्षी महिला दिनाला न चुकता चित्र काढणारे बाबा, डोळ्यांत पाणी आलं. पापलेट बघून भूकही लागली, ते वेगळं. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा)!

भोचक | शनिवार, सकाळी ७:०२

छान आहेत. पण याला डॉट मंडला म्हणतात आणि यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. ठिपके द्यायच्या काड्यांचा तयार सेटही ऑनलाइन मिळतो, विणकामाच्या सुया कशाला?

रंगपेटी | शनिवार, सकाळी ९:३०

भोचक, मंडला मधल्या बिंदूपासून बाहेर वाढत जातो. या चार चित्रांत मधला बिंदू कुठे आहे ते दाखवा.

चिंचपोकळी_स्लो, आधी बुरशीचं, ते तातडीचं आहे. गादीच्या पिशवीतून चित्रं आजच काढ. मुंबईच्या दमट हवेत पिशवीच्या आत घाम धरतो. दुसरं म्हणजे ॲक्रिलिक वाळलं तरी आतून पुरतं कडक होत नाही, उकाड्यात नरम पडतं. प्लास्टिक त्याला चिकटतं. फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलंस तर फुग्यांचे गोल चित्रावर उमटतात, माझं एक असं गेलंय. ठिपक्यांच्या चित्रावर आणखी फुकटचे ठिपके कोणाला हवेत! केक भाजायचा सिलिकॉनवाला कागद मिळतो तो प्रत्येक चित्रावर ठेव, त्याला रंग धरत नाही. चित्रं आडवी रचू नकोस, उभी ठेव, पुस्तकांसारखी.

बुरशी कोरडी असेल तर मऊ ब्रशने झटक. गॅलरीत, तोंडाला फडकं बांधून. ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नकोस, ती आत पसरते. कागदावरची चित्रं फ्रेम करशील तेव्हा काच आणि चित्र यांत माउंटची जाड पट्टी हवीच, ठिपक्याला काच टेकता कामा नये. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटव म्हणजे भिंतीपासून बोटभर हवा खेळते. चाळीची भिंत जुलैमध्ये काय करते हे तुला मी सांगायला नको.

वॉर्निश लावणार असशील तर दिवाळीपर्यंत थांब. पावसाळी हवेत लावलं की दुधाळ होतं, आणि ते धड निघतही नाही.

चिंचपोकळी_स्लो | शनिवार, सकाळी १०:१५

खूप आभार! पिशवी काढली. आई म्हणतेय बेकिंग पेपर आधी नानकटाईला आणला होता तो शिल्लक आहे, चालेल का?

रंगपेटी | शनिवार, सकाळी १०:२१

न वापरलेला असेल तर चालेल. :)

आता नावाचं. ठिपके-रेघा म्हटलं की लोक चार गोष्टी सांगतील, म्हणून मीच सांगून टाकते. वारली: आपल्या शेजारचीच, डहाणू-जव्हारची. पण तिथे तांदळाच्या पिठाने गेरूवर त्रिकोण, वर्तुळं, माणसं. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. ठिपका तिथे मुख्य नाही. गोंड: मध्य प्रदेशातली. पाटणगढचे जनगढसिंह श्याम भोपाळच्या भारत भवनाशी जोडले गेले, तिथून ती कागद-कॅनव्हासवर आली. प्राण्याचं अंग रेघांनी, ठिपक्यांनी भरायचं, आणि प्रत्येक चित्रकाराची भरण्याची तऱ्हा वेगळी. ती तऱ्हा म्हणजेच त्याची सही. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची ठिपक्यांची ॲक्रिलिक चित्रं १९७१मध्ये पापुन्या वस्तीतून पुढे आली, त्यांत त्यांच्या जमिनीच्या आणि पूर्वजांच्या कथा असतात. आणि पॅरिसचा चित्रकार जॉर्ज सुरा, त्याने १८८०च्या दशकात रंग न मिसळता शेजारी-शेजारी टिंबं दिली, मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्याने करायचं.

बाबांचं यातलं काही नाही. सुराची टिंबं कुठेही पडतात. बाबांची कुठेही पडत नाहीत. काहीतरी हिशेब आहे, मला पकडता येत नाहीये.

जोगळेकरीण_नव्हे | शनिवार, दुपारी १:०५

ठिपक्यांची रांगोळी! आजी उदबत्तीने भोकं पाडलेला कागद अंगणात ठेवून वरून रांगोळी चाळायची, पंधरा ते आठ. बाबांनी लहानपणी आईला बघितलं असणार. कोकणातले ना?

चिंचपोकळी_स्लो | शनिवार, दुपारी ३:३०

हो, मालवणकडचे. पण आजी रांगोळी कधी काढायची नाही, हात थरथरायचा म्हणे. मीच काढते आणि माझे ठिपकेही वाकडे जातात.

भोचक | शनिवार, रात्री ९:१८

रंगपेटी ताईंनी एवढं लिहिलं, तरी स्पष्ट बोलायचं तर पापलेट गोंड चित्राची नक्कल वाटते. माशाच्या अंगात रेघा भरलेल्या, तेच तर गोंड. ज्यांची ती परंपरा आहे त्यांनी पोटासाठी करायचं आणि आपण हौस म्हणून घ्यायचं, हे बरोबर नाही. राग नसावा.

कैरीचं_पन्हं | शनिवार, रात्री ९:४४

काहीही हं! आजोबांनी चाळीत बसून पापलेट काढलं तर नक्कल? मग माझी आई माशाला मीठ-हळद लावते तीही नक्कलच.

डोंबिवली_दुहेरी | शनिवार, रात्री १०:३०

भोचक यांचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. 'ट्रायबल प्रिंट' म्हणून कुर्त्यांवर जे खपवतात ते बघितलं की डोकं जातं. पण इथे आधी बाबांना विचारा ना, त्यांनी गोंड चित्र पाहिलंय का?

अवांतर: विकायचा विचार आहे का? जहांगीर आर्ट गॅलरीचं बुकिंग मिळायला वर्षं जातात, पण त्याच्या बाहेरच्या फुटपाथवर कित्येक चित्रकार चित्रं लावून बसतात. पु. ल. देशपांडे अकादमीच्या कलादालनातही चौकशी करून बघा, प्रभादेवी तुम्हाला जवळच.

चिंचपोकळी_स्लो | रविवार, सकाळी ८:५०

विचारलं. "गोंड म्हंजे काय?" मी फोनवर दोन चित्रं दाखवली. बराच वेळ बघत बसले, मोठी करून, लहान करून. मग म्हणाले, "हेचो हात बरो आसा." एवढंच. आणि फोन परत मागितला, पुन्हा बघायला.

विकायचं काढलं तर उठून गेले.

भोचक यांना राग नाही. एक आठवलं ते लिहिते. गेल्या वर्षी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले, एवढा पांढरा होता काय कागद? घरी येऊन सगळी चित्रं बाहेर काढून पसरली आणि आईवर ओरडले, "ह्यो निळो कोणी लावलो?" त्यांनीच लावलेला, आधी. होडीच्या चित्रातलं पाणी किती भडक आहे बघा, ते ऑपरेशनच्या आधीचं. पापलेटही आधीचंच.

रंगपेटी | रविवार, सकाळी ९:२५

अगदी बरोबर. मोतीबिंदूने भिंग पिवळट होतं, निळा मळकट दिसतो, म्हणून हात जास्त निळा लावतो. मोनेचंही १९२३मध्ये ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्याने काही जुनी चित्रं पुन्हा हातात घेतली. बाबांना पाणी बदलू देऊ नकोस!

आडवा_उभा | रविवार, दुपारी ४:१०

मी इथे क्रिकेटच्या धाग्यांवर असतो, चित्रातलं कळत नाही. सुनेने हा धागा दाखवला. पापलेटाचा फोटो मोठा करून मोजला, दोनदा मोजला, मग लिहायला बसलो. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माशाच्या पोटावर एक रेघ धरा. ठिपका, मग सात घरं मोकळी, मग ठिपका. खालच्या रेघेवर तोच ठिपका तीन घरं उजवीकडे. त्याखालच्या रेघेवर अजून तीन. असं करत आठ रेघा उतरलात की नवव्या रेघेचा ठिपका पुन्हा पहिल्याच्या बरोबर खाली येतो. सगळ्या अंगभर हेच. हातमोजणीने, ग्राफ न आखता.

ताई, तुमच्या बाबांच्या मागच्या बाजूला जे ८/३ आहे ती तारीख नव्हे. आठचं साटीन, तीनची उडी. साटीन म्हणजे चमकत्या कापडाची वीण. ५/२ म्हणजे पाचचं, दोनची उडी. एखाद्यावर ८/५ सुद्धा असेल, बघा.

आता सांगतो. जॅकार्डच्या मागावर फुलाची चादर, टॉवेल, पडदा विणायचा तर आधी चौकड्यांच्या कागदावर, म्हणजे ग्राफवर, डिझाइन मारायचं. एक घर म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा भेटतात ती जागा, ताणा आणि बाणा. घर रंगवलं तर ताणा वर, कोरं सोडलं तर खाली. त्या कागदावरून पुठ्ठ्याची कार्डं कापायची, एका बाण्याला एक कार्ड. भोक असेल तिथला हूक धागा उचलणार. फूल ठसठशीत दिसावं म्हणून धागा कापडाच्या वर लांब मोकळा सोडावा लागतो. पण फार लांब सोडला तर तो लोंबतो, बांगडीत अडकतो, पहिल्या धुण्यात ओढला जातो आणि माल परत येतो. म्हणून ठरावीक अंतरावर एक ठिपका द्यायचा, तिथे धागा खाली दाबून बांधायचा. बांधणीचा ठिपका.

तो ठिपका शेजारच्या ओळीत एकेक घर सरकवत गेलात तर कापडावर तिरकी रेघ उमटते, जीनच्या कापडावर असते तशी. आठात दोन किंवा चारची उडी घेतली तर काही घरांना ठिपका कधीच मिळत नाही. म्हणून तीन नाहीतर पाच. पाचाच्या साटीनला दोन नाहीतर तीन. अशी उडी घेतली की ठिपके विखुरतात, डोळ्याला ओळ सापडत नाही, आणि कापड चमकतं. पापलेट चमकतंय ते त्यामुळे.

बाबा गिरणीत कुठल्या खात्यात होते?

रंगपेटी | रविवार, दुपारी ४:३२

मी दोन दिवस हिशेब शोधत होते. दंडवत घ्या.

कैरीचं_पन्हं | रविवार, दुपारी ४:४०

म्हणजे महिला दिन नाही?

चिंचपोकळी_स्लो | रविवार, संध्याकाळी ६:०५

नाही. आणि माझ्या लेकीने शाळेत भाषणात सांगून झालंय.

मला जरा वेळ द्या, हात कापतायत. मी त्या 'तारखां'प्रमाणे लेबलं केली होती, ५ फेब्रुवारी, ८ मार्च, अशी लावून ठेवली होती. ८/५ आहे, तीन चित्रांवर. मी मे महिना समजत होते. आई म्हणायची की बाबा 'डिझाइनात' होते. मला वाटायचं कापडावर फुलं काढत असतील. आणखी काही मी पंचेचाळीस वर्षांत विचारलं नाही.

आता गॅलरीत जाऊन आडवा_उभा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. बाबा सुई खाली न ठेवता ऐकत होते. मी विचारलं, बाबा, तुम्ही हे मुद्दाम करता का, चित्रात कुठे धागा आहे? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी पोळीला मीठ का घालतात असं विचारलंय.

"मगे काय, धागो लोंबत ठेवूचो?"

डोंबिवली_दुहेरी | रविवार, संध्याकाळी ६:२०

काटा आला. भोचक, कुठे आहात?

भोचक | रविवार, संध्याकाळी ७:११

इथेच आहे. नक्कल म्हटलं ते मागे घेतो. नावाचं मात्र तसंच राहिलं की.

जोगळेकरीण_नव्हे | रविवार, संध्याकाळी ७:३०

'बांधणी' द्या नाव! पण मग लोकांना राजस्थानी ओढणी वाटेल.

आडवा_उभा | रविवार, रात्री ८:१५

नाव तुम्ही ठरवा, त्यातलं मला कळत नाही. एक बोलू का? पापलेटाच्या डाव्या कल्ल्याजवळ, वरून अकरावी रेघ. तिथे उडी चारची पडलीय. तिथून पुढे दोन रेघा घसरल्यात, मग त्यांनी सावरून घेतलंय. बाकी चित्र निर्दोष आहे. माणूस मोठा आहे.

रंगपेटी | रविवार, रात्री ८:३३

मोतीबिंदूच्या आधीचं ना ते, दिसलं नसेल.

चिंचपोकळी_स्लो | रविवार, रात्री १०:४८

हे वाचून दाखवायला नको होतं. जेवण तसंच टाकून पापलेट काढलं, आईचा तांदूळ निवडायचा चष्मा आणि वर भिंग लावून मोजत बसले. अकरावी रेघ, बरोबर आहे म्हणाले. ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्याने सुटत नाही, तेव्हा आता त्या तीन रेघांवर काळा लावून त्या पुन्हा मारणार आहेत. पंखा बंद आहे. आई माझ्यावर चिडली आहे.

आडवा_उभा, तुमच्यासाठी निरोप आहे, जसाच्या तसा देते: "त्याका इचार, तो ग्राफ मारायचो की कार्डां कापायचो?"

आडवा_उभा | रविवार, रात्री ११:०२

कार्डं कापायचो. ग्राफवाले चुकले की आम्हीच पकडायचो आणि शिव्याही आम्हीच खायचो. सांगा त्यांना.

चिंचपोकळी_स्लो | रविवार, रात्री ११:०९

सांगितलं. म्हणाले, "माका वाटलाच." पुढच्या रविवारी चहाला बोलावलंय तुम्हाला. येताना चष्मा आणा, अजून ४२ मोजायची आहेत.